कामाला बाई लावताना : नवशिक्या मालकिणींसाठी (बार्शीटाकळी आवृत्ती)

ही मार्गदर्शिका अशा बायकांसाठी आहे, ज्यांच्या घरी आजवर धुणंभांडी, झाडू-पोछा सगळं स्वतःच्याच हातानं झालं आणि आता पहिल्यांदाच कामाला बाई लावायची आहे. कारण कोणतंही चालेल. शाळेत नोकरी लागली, कंबर धरली, लेआउटमध्ये दोन मजली घर बांधलं, किंवा समोरच्या वहिनींकडे बाई येते आणि आपल्याकडे येत नाही, हे बघवत नाही. ज्यांना दहा-वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांनी वाचायची गरज नाही. त्यांना सगळं ठाऊक आहे. फक्त त्यांच्याकडे बाई टिकत का नाही, तेवढं एक अजून उमगलेलं नाही.

आधी थोडं शास्त्र

कोणत्याही विद्येचा आधी ग्रंथ पाहावा. या विद्येचा ग्रंथ लंडनमध्ये 1861 साली निघाला : मिसेस बीटन यांचं घरव्यवस्थेचं पुस्तक. अकराशेच्या वर पानं. आरंभीच बाईंनी सांगून टाकलंय की घरची मालकीण म्हणजे फौजेची सेनापती. तिचा जसा वकूब, तसं घर. पुढे बटलर, आचारीण, दाई अशी उतरंड, आणि सगळ्यांत खाली पडेल ते काम करणारी एकटी मोलकरीण. तिनं पहाटे शेगडीची राख काढण्यापासून रात्री दारं लावण्यापर्यंत काय काय करायचं, ते ओळीनं दिलेलं आहे. पगाराचा तक्ताही आहे. हिच्या नावापुढे वर्षाला नऊ ते चौदा पौंड.

एवढ्या अधिकारवाणीनं लिहिणाऱ्या इझाबेला बीटन पुस्तक निघालं तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयाच्या सुनेला पोळीचे काठ जाड राहतात एवढंच ऐकायला मिळतं. घेणाऱ्याही तितक्याच नवख्या. पिढीजात श्रीमंतांच्या लेकींना नोकर कसे वागवायचे हे आईकडूनच कळायचं, त्यांना पुस्तक लागत नव्हतं. लागलं ते गिरण्या, रेल्वे आणि कचेऱ्यांच्या पैशावर वर आलेल्या घरांना, जिथं सासूनं जन्मभर स्वतः भांडी घासली आणि सुनेच्या हाताखाली एकदम एक पोरगी येऊन उभी राहिली. 1891 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये तेरा लाखांवर बाया घरकामाच्या नोकरीत होत्या. बायकांचा तेवढा मोठा दुसरा धंदा तिथं नव्हता.

बार्शीटाकळीतही पुस्तक लागतं ते नव्यांनाच. जुन्या वाड्यातल्या बाईला गडी-माणसं, सालदार, त्यांच्या बायका, सगळ्यांना एका हाकेत कामाला लावता येतं. तिला विचारायला गेलात तर ती हसेल. तेव्हा लाजू नका. तुम्ही मिसेस बीटनच्याच गिऱ्हाईक आहात, फक्त दीडशे वर्षं उशिरा आलात.

शोध आणि मुलाखत

गावात बाई मिळण्याचं दुकान नाही. शेजारणीच्या बाईला सांगायचं, ती तिच्या जावेला सांगते, जाऊ तिच्या नणंदेला. चार दिवसांनी सकाळी फाटकाशी एक बाई उभी राहते, पदर कमरेला खोचलेला, पायात स्लीपर. मुलाखत सुरू.

मुलाखत तुम्ही घेणार आहात असा तुमचा समज असेल. ती आधी अंगणाकडे बघते, मग वरच्या मजल्याकडे, मग गच्चीच्या जिन्याच्या पायऱ्या मोजते. मग विचारते, “कितीक मानसं हायेत जी घरात?” तुम्ही चार म्हणता. “पावने-रावने लय येतात काय?” तुम्ही नाही म्हणता. तुमच्या सासूबाई आतून “दिवाळीले येतात ना सगळे” असं खरं सांगून टाकतात. “नळ कवा येते? मटन होते काय घरी?” शेवटचा प्रश्न धर्माचा नाही, कढईचा आहे. पाण्याचा प्रश्न तर उत्तर येईपर्यंत ती सोडत नाही. काटेपूर्णेचं महान धरण आपल्याच तालुक्यात, त्याचं पाणी अकोल्याला जातं, आणि आपल्या घरी भांडी घासायला बाई आली की टाकीत काय आहे हे बघायला आपल्याला गच्चीवर जावं लागतं.

व्हिक्टोरियाच्या इंग्लंडात या बाबतीत चोख व्यवस्था होती. काम सोडणाऱ्या मोलकरणीला मालकीण चारित्र्याचा दाखला लिहून द्यायची. दाखला नसेल तर पुढचं घर मिळणं मुश्किल. गंमत अशी की दाखला दिलाच पाहिजे असं बंधन मालकिणीवर नव्हतं, पण खोटा दाखला वापरणाऱ्याला 1792 च्या कायद्यानं वीस पौंड दंड होता. म्हणजे बीटनबाईंच्या तक्त्यातल्या पोरीचे दीड-दोन वर्षांचे पैसे.

बार्शीटाकळीत दाखला तोंडी चालतो आणि दोन्ही बाजूंनी चालतो. तुम्ही चार घरी विचारता की ही बाई कशी आहे. ती चाळीस घरी विचारते की तुम्ही कशा आहात. पातेल्याच्या बुडाशी बोट फिरवून बघता का, पगार एक तारखेला देता की दहाला, सुट्टीचे पैसे कापता का. हा दाखला ऑटोत, नळावर, बाजाराच्या दिवशी भाजीच्या ढिगाशी दिला जातो. तो रद्द करून घ्यायची सोय नाही.

पगार

आकडा तुम्ही आधी बोलायचा नाही. आधी ओळीतल्या तिन्ही घरी जाऊन तिथं काय देतात ते विचारा आणि त्याहून पन्नास रुपये कमी सांगा. भांडी वेगळी, झाडू-पोछा वेगळा, कपडे वेगळे. कपड्यांत चादरी धरलेल्या नसतात, हे महिनाभरानं कळतं.

यात एक नियम पाळावाच लागतो. लेआउटमधल्या कोणीही दुसरीला न विचारता पगार वाढवायचा नाही. कोणी वाढवलाच, तर संध्याकाळी तिच्या दारात दोघी-तिघी येतात आणि गोड आवाजात म्हणतात, “वहिनी, तुम्ही असे वाढवत जाऊ नका, आमच्या बाया बिघडतात.” हे सहकार्य आहे. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी एकत्र येऊन पगार आणि सुट्टीसाठी असंच सहकार्य केलं, तेव्हा त्याला संप म्हटलं गेलं. त्यातूनच तिथं मोलकरणींची संघटना उभी राहिली.

बाईला मावशी म्हणायचं की ताई, हे तिच्या वयावर ठरवा. नातं लावण्याचा फायदा असा की मावशीला बोनस द्यावा लागत नाही, साडी चालते. साडी दुकानात बसून घेऊ नये. मागच्या लग्नात आहेर म्हणून आलेली आणि तुम्हाला रंग न आवडलेली कपाटात असतेच. मोबाइलमध्ये मात्र तिचं नाव “भांडेवाली बाई” असंच जतन करा. व्हिक्टोरियन मालकिणी नव्या पोरीचं नाव आपल्या सोयीनं बदलून मेरी किंवा जेन ठेवायच्या. आपण तेवढा आगाऊपणा करत नाही. नाव विचारतच नाही.

कपाचा विधी

हा भाग नीट वाचा, कारण सेनापतीपद इथंच सिद्ध होतं.

ओट्याच्या टोकाला, खिडकीच्या गजाशी, एक कप पालथा असतो. लग्नात आलेल्या सहाच्या संचातला तो शेवटचा. कान तुटलेला, वरची गुलाबं घासून घासून पांढुरकी झालेली. घासली कोणी, ते सांगायला नको. दहाच्या सुमाराला तिची भांडी आटोपली की चहा ओतायचा. गाळणी कपाच्या काठापासून चार बोटं वर धरायची, टेकू द्यायची नाही. ती मोरीजवळ पाय दुमडून बसते, कान नसल्यामुळे कप पदरात धरते, फुंकर मारून पिते, स्वतःच विसळते आणि पुन्हा गजाशी पालथा ठेवते. सगळा विधी मुकाट्यानं होतो. नव्या बाईलाही तो शिकवावा लागत नाही. खिडकी बघितली की तिला कळतं.

पाहुण्यांपैकी कोणी चौकस निघालंच, तर स्वच्छतेसाठी असं सांगावं. इथं एक अडचण येऊ शकते. घरातले बाकीचे पंधरा कप, ताटं, गडवे, वगराळी, लहानग्याची दुधाची बाटलीसुद्धा, रोज तिच्याच हातानं घासली जाते आणि तिच्याच हातानं मांडणीवर चढते. तो हात चालतो. ओठ चालत नाही. या शास्त्रार्थाचा उलगडा कोणी मागितला तर विषय बदलावा. जात विचारू नये, ते आता बरं दिसत नाही; आडनाव विचारावं.

इंग्रजांनी अशाच कामासाठी घराला मागचा जिना बांधला. नोकरांनी त्यानं चढायचं-उतरायचं, मालकांच्या नजरेला पडायचं नाही. आपण कपात भागवलं. उधळेपणा आपल्यात मुळातच कमी.

एक सूचना अनुभवाची : हल्ली काही घरांत सगळ्यांसाठी सारखे स्टीलचे पेले आले आहेत. अशा घरी बाया वर्षानुवर्षं टिकतात आणि लवकर येतात. त्यामुळे शिस्त बिघडते.

उरलंसुरलं

कालचं वरण, सकाळची पोळी, सत्यनारायणाचा शिरा, मुलानं अर्धी टाकलेली आलूची भाजी. उरलेलं अन्न देणं पुण्याचं. प्रश्न फक्त वेळेचा. ताजं असताना द्यायला हात होत नाही, संध्याकाळी कोणी खाईल असं वाटतं. संध्याकाळी फ्रिजमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी मागच्या कप्प्यात सरकतं. तिसऱ्या दिवशी झाकण काढून हुंगून बघितलं जातं, आणि तिथं आपल्याला बाईच्या लेकरांची आठवण होते.

तिनं ते नेलंच पाहिजे आणि तोंड हसरं ठेवून नेलं पाहिजे. ती डबा घेऊन जाते आणि वळणावरच्या गाईपुढे ओतते, हे तुम्हाला कळू न देण्याचं सौजन्य तिच्याकडे असतं.

लंडनच्या आचारणी या बाबतीत फार बेरड. भाजलेल्या मांसाची गळलेली चरबी, मेणबत्त्यांची बुडखी, हे सगळं आपल्या हक्काचं समजून त्या विकून पैसे करायच्या. मालकिणी चिडायच्या, पण रूढीच तशी होती. तिथं उरलेल्यावर नोकराचा हक्क होता आणि मालकिणीला तो खटकायचा. इथं ते आपलं दान आहे आणि तिनं नको म्हटलेलं आपल्याला खटकतं.

कुलूप, आणि एरंडेल

फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन मडमांनी 1888 साली खास हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज बायांसाठी असंच एक जाडजूड पुस्तक लिहिलं. कोठीघराला कुलूप घाला, रोजचा जिन्नस रोज मोजून काढून द्या, हिशेब रोज बघा. नोकर म्हणजे मूल, तसंच त्याला वागवा. चुका करतच राहिला तर दंड करा, आणि त्याउपर एरंडेलाचा डोस द्या. हे विनोदानं म्हटलेलं नाही, त्यांनी तो उपाय करूनही बघितला होता.

आपल्याकडे एरंडेल आता कोणी ठेवत नाही. तेव्हा संशयावर भागवा. तो स्वस्त पडतो आणि रोज देता येतो. बाई आत असेल तेव्हा पर्स उचलून दुसरीकडे ठेवावी, तिला दिसेल अशा रीतीनं. कानातली रिंग सापडेना झाली, तर तिला थेट काही म्हणू नये. फोनवर बहिणीशी मोठ्यानं बोलावं. तिचा पोछ्याचा हात तेवढ्यापुरता थांबतो. मग पुन्हा फिरू लागतो. आठ दिवसांनी रिंग कणकेच्या डब्यात सापडते, कारण तुम्हीच पीठ मळायच्या आधी ती काढून तिथं ठेवली होती. यापुढे काय करायचं, याचा परिच्छेद बीटनबाईंच्या अकराशे पानांत नाही. बहुतेक घरी रिंग मुकाट्यानं कानात जाते.

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही 1868 ची कादंबरी वाचली असेल तर ही घटना ओळखीची वाटेल. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडात गेलेला हिरा एका हवेलीतून नाहीसा होतो. हवेलीत रोझाना नावाची मोलकरीण आहे, पूर्वी चोरीत सापडलेली, नाकीडोळी साधी, खांदा वाकडा. पोलिसांची नजर तिच्यावर जाते. ती दलदलीत जीव देते. हिरा शेवटी पोचलेला असतो मालकिणीच्या भाच्याकडे, जो बायकांच्या धर्मादाय मंडळांत भाषणं देणारा, मोठा सज्जन म्हणून प्रसिद्ध असलेला गृहस्थ आहे. अजून कादंबरी वाचायची राहिली असेल तर क्षमा करा, पण दीडशे वर्षं थांबलो होतो.

घरातल्या पुरुषांबद्दल

2013 च्या कायद्यानं कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळात घर ही कामाची जागा धरली आहे, आणि बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा वाचून दाखवा. पुढे काही बोलायचं नाही.

सोयाबीन

इथवर तुम्ही सगळं नीट केलंत. पगार कमी ठरवलात, कप दाखवलात, पर्स हलवलीत. भाद्रपद सरतो. एका सकाळी बाई भांडी घासून उठते, हात पदराला पुसते आणि म्हणते, “मॅडम, उद्यापासून येत नाई जी. सोयाबीन सोंगाले जातो.”

हाच तो प्रसंग, जिथं इंग्रजी ग्रंथ मिटून ठेवावे लागतात. लंडनची मोलकरीण मालकाच्याच घरी, पोटमाळ्यावर नाहीतर तळघरात निजायची. सूचना न देता सोडून गेली तर राहिलेल्या पगारावर पाणी. तिला जायला जागाच नव्हती. दुसरं घर म्हणजे दुसरी मालकीण. सेनापती व्हायला अशी शिबंदी लागते. बार्शीटाकळीची बाई अकरा वाजता आपल्या घरी जाते, आणि तिच्या घराच्या मागं वावर सुरू होतं. आषाढ-श्रावणात निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळीपासून कापसाची वेचाई, किलोवर. टोळी करून एकराच्या ठोक्यानं सोंगणी घेतली तर पाच-सहा जणींच्या हातात रोखीनं पैसा येतो. तुमच्या भांड्यांचे महिनाभराचे पैसे ती दोन-तीन दिवसांत सोंगून आणते, पाठ मोडते ती वेगळी. वर आभाळ भरून आलेलं, शेंगा फुटायला आलेल्या, शेतकरी दारात ऑटो घेऊन उभा. त्या आठवड्यात गावातली प्रत्येक बाई सोन्याच्या भावाची असते.

आता यातला अवघड भाग. तो दारात उभा असलेला शेतकरी पुष्कळदा तुमचा नवरा असतो.

सकाळी साडेसहाला तो वस्तीत जाऊन बायांना मिनतवाऱ्या करतो. चला ना बाई, पाणी येऊन राह्यलं, तुमचा रोज तुम्हीच सांगा. आठ वाजता तुम्ही ओट्याशी, खरकट्या गंजाच्या ढिगाऱ्यापुढे, तिला शिव्या देत उभ्या असता की न सांगता दांड्या मारते, फार शेफारली आहे. ती त्या वेळी तुमच्याच वावरात, तुमचंच सोयाबीन सोंगत असते. संध्याकाळी नवरा तिला त्या दिवसाचे पैसे मोजून देतो आणि वर म्हणतो, “उद्या बी या जा.” रात्री तुम्ही त्याला सांगता की या महिन्यात तिचे आठ दिवसांचे पैसे कापणार आहे. तो मान हलवतो. घरात दोन मालक आणि एक मजूर, आणि दोन वेगवेगळे भाव. हा हिशेब कोणी मांडून बघत नाही, म्हणून संसार चालतात.

नवशिक्या मालकिणीनं इथं काय करावं? एक, सोंगणीचे दिवस आधीच धरून ठेवावेत. पाऊस जसा धरतो तसे. दोन, त्या दिवसांत तिच्या बदली तिच्या पोरीला पाठव, असं म्हणू नये. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आहे, आणि तारीख बघा, ती नेमकी सोंगणीतच पडते. शिवाय पोरगी तुमच्या मुलाच्याच वर्गात असण्याची आणि गणितात त्याच्या पुढे असण्याची शक्यता असते. ते घरी उघड होऊ नये.

फुकट

एवढं वाचून कोणाला वाटेल की वावरात मोजून पैसे देणारा हात घरात का आखडतो. यासाठी मिसेस बीटनला बाजूला ठेवून आपल्याच घरात बघावं लागेल.

लंडनमध्ये ती पोरगी वर्षाला नऊ पौंडांवर राबत होती, त्याच काळात आपल्याकडच्या पांढरपेशा घरांत तिचं सगळं काम करायला एक बाई असायची आणि तिला काहीच मिळत नसे. ती घरातली विधवा. कोणाची आत्या, कोणाची वहिनी, कोणाची बालपणीच कपाळ पुसलेली लेक. पहाटे सोवळ्यात स्वयंपाक, दुपारी निवडण-टिपण, बाळंतिणीचं न्हाणं, रात्री कोपऱ्यात एकभुक्त. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मधून येऊ लागली, तेव्हा वाचणाऱ्यांना तिची नायिका यमू ओळखू आली ती घरोघर एक यमू होती म्हणून. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली, तिच्यातही विधवांच्या वाट्याला येणाऱ्या हालांवर त्या तुटून पडल्या आहेत. त्याच्याही मागं गेलं तर पेशवाईत कुणबिणी विकत मिळायच्या, लग्नात आंदण म्हणून दिल्या जायच्या. कंपनी सरकारनं 1843 मध्ये कायदा करून आपल्या मुलखात गुलामीचा आधार काढून घेतला. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं. इंग्रजांकडे आलं ते 1853 मध्ये.

सुनेचं तर सोडूनच द्या. तिनं केलेल्या कामाला काम म्हणायची पद्धतच नाही. तुमची सासू घासत होती, तिला कोणी पगार दिला नाही. तुम्ही काल परवापर्यंत घासलंत, तुम्हालाही नाही. वावरातल्या कामाला पिढ्यान्पिढ्या भाव आहे, शेरभर ज्वारी का होईना. चुलीपुढच्या कामाला भाव कधी ठरलाच नाही. त्यामुळे घरकामाला पहिला रुपया देतानाही आपण कोणावर तरी उपकार करतो आहोत असं वाटतं. त्या बाईशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करताना आपण आपल्याच मेहनतीची किंमत पाडत असतो. हे मार्गदर्शिकेत बसत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ती लिहिते का, ते बघून घ्या

मालकिणींनी मोलकरणींबद्दल भरपूर लिहिलं. उलट लिहिलेलं फार थोडं, आणि म्हणून जास्त धोक्याचं. हॅना कलविक ही आठव्या वर्षी कामाला लागलेली इंग्रज मोलकरीण. तिनं 1854 पासून जवळपास वीस वर्षं रोजनिशी ठेवली. किती पायऱ्या घासल्या, किती जोड बूट पुसले, कोणत्या बाईनं काय म्हटलं. आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थानं 1873 मध्ये तिच्याशी गुपचूप लग्न केलं, आणि लोकांसमोर ती त्याची मोलकरीणच राहिली. आपल्या काळात बेबी हालदार. गुडगावला प्रबोध कुमार यांच्याकडे घरकाम करत होती. ते प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांची कपाटं पुसताना ही थांबते, हे त्यांनी पाहिलं, वही-पेन आणून दिलं, आणि ‘आलो आंधारि’ तयार झालं. तिच्या आधीच्या मालकिणी त्यात आहेत.

तेव्हा बाई पुस्तकांवरची धूळ झटकताना रेंगाळू लागली तर सावध व्हा. तिची पोर तर शाळेत आहेच.

शेवटचं कागदपत्र

महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. अठरा ते साठ वयाच्या घरकाम करणाऱ्या बाईला त्यात नोंदणी करता येते. बाळंतपणाला मदत आहे, नोंदणी चालू असेल तर पंचावन्न वर्षं पूर्ण झाल्यावर दहा हजार रुपये सन्मानधन आहे. 2021 च्या टाळेबंदीत सरकारनं घरेलू कामगारांना दीड-दीड हजार रुपये दिले, ते नोंदलेल्यांनाच. ज्यांचं नाव मंडळात नव्हतं, त्यांना मालकिणींनी जे दिलं तेवढंच मिळालं, आणि पुष्कळ मालकिणींनी तेव्हा येऊ नको असा निरोप दिला होता.

नोंदणीच्या अर्जाला वयाचा पुरावा, रहिवाशाचा पुरावा, फोटो लागतो, आणि ती अमुक घरी काम करते असं त्या घरचं प्रमाणपत्र. म्हणजे तुमची सही. तिचं पूर्ण नाव त्या कागदावर लिहावं लागेल, तेव्हा ते आज विचारून ठेवा. कामगार खात्याचं कार्यालय अकोल्याला आहे, बार्शीटाकळीपासून वीस किलोमीटर, गाडीही जाते. तिला एक दिवसाची सुट्टी द्या, पैसे न कापता, सोयाबीन सुरू व्हायच्या आत. त्या दिवशीची भांडी तुम्ही घासा.